टर्कीच्या पिल्लांना पाला सुरू केला की हगवण आणि वजनघट: दर वेळी हेच होत असेल तर कुठे बघायचं

तक्रार जवळजवळ सगळीकडे एकाच वळणाने जाते. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, तरतरीत दिसायला लागली, म्हणून खाद्यात शेवग्याची पावडर किंवा तुळस-कडुनिंबाचा पाला सुरू केला. चार-सहा दिवसांत लिटर (शेडमध्ये अंथरलेलं तूस) ओलं, विष्ठा हिरवी, काही पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात उभी. पाला बंद केला की थोडी सावरतात. मग कुणीतरी सांगतं, "अहो, पाल्याने प्रतिकारशक्ती वाढते, औषधाचा खर्च वाचतो." पाला परत सुरू, आणि आठवड्याभरात परत तेच.

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी पाला क्वचितच एकटा दोषी असतो. मूळ खाद्य आधीच कमी पडत असतं, वर पाला चुकीच्या वयात किंवा चुकीच्या रूपात येतो, आणि आतलं दुखणं बाहेर दिसायला लागतं. त्यामुळे पाला बंद-चालू करत राहिलात तर महिनोन्महिने उत्तर मिळणार नाही. खाली दिलेल्या क्रमाने बघत जा. वाटेत कारण सापडलं की तिथेच थांबा, पुढचं नंतर वाचा.

पाला थांबवा, पण नोंद ठेवून

पाला, काढा, पावडर, सगळं चार दिवस पूर्ण बंद. त्या आधी दहा-बारा पिल्लांच्या पायाला रंगीत दोरा बांधा आणि त्यांचं वजन करा. चार दिवसांनी तीच पिल्लं, दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा काट्यावर. या वयात पिल्लू रोज वाढलंच पाहिजे. वजन जागच्या जागी राहिलं असेल तर ते तब्येतीने बरं दिसलं तरी बरं नाही.

त्याच काळात विष्ठा नीट बघा. रात्री पिल्लं बसतात त्या जागी वर्तमानपत्र अंथरा आणि सकाळी उजेडात न्या. हिरवा रंग दिसला की लोक घाबरतात, पण पाला खाल्लेल्या पिल्लाची विष्ठा हिरवट असणारच. ती बांधलेली असेल आणि तिच्यावर पांढरी टोपी असेल तर काळजी नको. मध्येच एखादी चॉकलेटसारखी तपकिरी, चिकट, जास्त वास मारणारी विष्ठा दिसते. ती आंधळ्या आतड्यातली असते आणि दिवसातून काही वेळा ती तशी पडणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. ही हगवण नाही. तिच्यासाठी औषध दिलेले मी बरेच जण पाहिले आहेत.

काळजीचा हिरवा रंग वेगळा असतो. विष्ठा थोडीशीच, बुळबुळीत, गडद हिरवी, आणि गुदद्वाराभोवतीची पिसं चिकटलेली. पिल्लाच्या पोटात अन्न नाही आणि नुसतं पित्त उतरतंय, असा त्याचा सरळ अर्थ. मग पाला बंद केलेला असो वा चालू, ते पिल्लू उपाशी आहे. मानमोडीतही (राणीखेत रोगात) हिरवी हगवण होते. सोबत मान वाकडी होणं, लकवा किंवा श्वासाला घरघर असेल तर पाल्याचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

चार दिवसांत लिटर सुकलं आणि वजन चढलं, तर दोष पाल्याच्या मात्रेत, रूपात किंवा साठवणीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष खाद्यात किंवा रोगात. दोन्ही बाबतींत पुढची पायरी मात्र एकच.

खाद्याच्या पोत्याचं लेबल वाचा

सगळ्यात जास्त केसेस इथेच सुटतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

टर्कीच्या पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत खाद्यात २८ टक्के प्रथिनं लागतात, चार ते आठ आठवड्यांत २६ टक्के, त्यानंतर २२. कोंबडीच्या कुठल्याही पिल्लाला एवढी लागत नाहीत. आपल्याकडे टर्कीचं वेगळं खाद्य सहजासहजी मिळत नाही, म्हणून लोक ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं खाद्य) आणतात. त्यात २३ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. काही जण त्याहून स्वस्त म्हणून लेअरचं चिक मॅश (अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लांचं दळलेलं खाद्य) घालतात, त्यात २० च्या आसपास. म्हणजे पाला यायच्या आधीच पिल्लू पाच ते आठ टक्क्यांनी मागे असतं.

आता नेहमी ऐकू येणारा हिशेब: "शेवग्याच्या पाल्यात २५-२६ टक्के प्रथिनं आहेत, ती कमी भरून काढतील." करून बघा. ९५ किलो प्री-स्टार्टर २३ टक्क्यांचं, म्हणजे २१.८५ किलो प्रथिनं. त्यात ५ किलो शेवगा पावडर २६ टक्क्यांची, म्हणजे १.३ किलो. बेरीज २३.१५. शंभर किलोमागे पाव टक्काही वाढला नाही, आणि त्यासाठी तंतू वाढले, ऊर्जा कमी झाली. २६ टक्क्यांची वस्तू कितीही मिसळली तरी खाद्य २८ वर जाणार नाही, हे साधं गणित आहे. शिवाय पाल्यातलं प्रथिन सोयाइतकं पचत नाही. सोया कमी करून त्या जागी पाला घालणं तर टर्कीच्या पिल्लासाठी सरळ नुकसान आहे.

तात्पुरता उपाय म्हणून ७७ किलो प्री-स्टार्टरमध्ये २३ किलो सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड, साधारण ४५ टक्के प्रथिनांची) मिसळली की आकडा २८ ला पोचतो. पण एवढ्यावर थांबू नका. डीओसी घातल्यामुळे प्री-स्टार्टरमधली जीवनसत्त्वं आणि खनिजं तेवढ्या प्रमाणात पातळ होतात. त्या २३ किलोच्या हिशेबाने व्हिटॅमिन प्रीमिक्स, मिनरल मिक्श्चर, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल वेगळं घालावं लागतं. नायसिन या ब जीवनसत्त्वाची टर्कीला कोंबडीपेक्षा जास्त गरज असते. ते कमी पडलं की गुडघ्याचा सांधा सुजतो, पाय वाकडे होतात, आणि लोक म्हणतात पाल्याने पाय गेले. पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पोषणशास्त्र विभागाकडून एकदा फॉर्म्युला लिहून घेतला तर हा ताप कायमचा मिटतो. आपल्याकडे मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला अशी महाविद्यालयं आहेत. कच्चं, न भाजलेलं सोयाबीन दळून घालू नका. कोकणात सुकी मासळी मिळते म्हणून घालतात, ती चालते, पण खारवलेली नको. जास्तीच्या मिठाने पिल्लं पाणी पितात आणि लिटर ओलं होतं, तेही पुन्हा पाल्याच्या नावावर जातं.

लेबलवर दुसरी गोष्ट शोधा: कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाला आळा घालणारं औषध) कोणतं आहे. ब्रॉयलरच्या खाद्यात बऱ्याचदा सॅलिनोमायसिन असतं, कोंबडीला ते व्यवस्थित चालतं. टर्कीला ते विष आहे, नारासिनही तसंच. वय वाढेल तसा हा धोका वाढतो, त्यामुळे सुरुवातीला काही दिसत नाही आणि पिल्लं मोठी होत आली की अचानक पाय जातात. पक्षी छातीवर बसतो, पाय मागे ताणले जातात, उठता येत नाही, धाप लागते आणि मरतो. नेमक्या त्याच सुमारास पाला वाढवलेला असतो. मोनेन्सिन ठरावीक मात्रेत लहान टर्कीला चालतं, पण मात्रा चुकली तर तेही मारतं. खाद्यात यातलं काहीही असताना टियाम्युलिन नावाचं प्रतिजैविक चुकूनही देऊ नका, त्या दोघांचा संयोग जीवघेणा आहे. लेबलवर काही लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका, कंपनीकडून लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते खाद्य टर्कीला घालू नका.

लेबल तपासलं, प्रथिनं बरोबर आहेत, आयोनोफोर (वरच्या सॅलिनोमायसिन, नारासिन, मोनेन्सिनचा गट) नाही? मग पुढे चला.

पिल्लाचं वय

पहिल्या तीन आठवड्यांत पाला हे खाद्य समजू नये. तेव्हा त्याचं काम एकच: पिल्लाला खाद्याकडे वळवणं.

टर्कीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लासारखं उतरल्या उतरल्या टोचायला लागत नाही. नजर कमजोर, स्वभाव बुजरा. समोर भरलेलं भांडं असून पिल्लं भुकेने मरतात आणि पहिल्या दहा दिवसांतली बरीच मरतूक यातूनच होते. हिरव्या रंगाकडे मात्र ती ओढली जातात. म्हणून लसूणघास किंवा कोथिंबिरीची पानं कात्रीने अगदी बारीक, मेथीच्या दाण्याएवढी, कापून खाद्यावर चिमूटभर भुरभुरतात. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकतात, तेही याचसाठी. पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात १०० मिली दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून देण्याची पद्धत आपल्याकडच्या टर्कीपालनात रुळलेली आहे आणि ती उपयोगी आहे. दूध घातलेलं पाणी उन्हाळ्यात लवकर नासतं, म्हणून थोडं थोडं करून बदलत राहा.

या वयात पाल्याची मूठ टाकली तर काय होतं ते एक पिल्लू हातात घेऊन बघा. मानेच्या खाली, छातीच्या वर अन्नपिशवी असते. ताज्या शेवग्याच्या पाल्यात तीन चतुर्थांश पाणी आणि जेमतेम सहा-सात टक्के प्रथिनं. ती एवढीशी पिशवी पाल्याने भरली की पिल्लाला पोट भरल्यासारखं वाटतं आणि ते खाद्याकडे जात नाही. पिशवी गच्च आणि वजन मात्र घटतंय. बोटांनी हलकं चाचपलं तर आतला पाल्याचा लगदा हाताला कळतो. खाद्याने भरलेली पिशवी मऊ, ओल्या पिठासारखी लागते.

तापमानही बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थंडी वाजणारं पिल्लू गोळा होऊन बसतं, खात नाही आणि पातळ हगतं. डिसेंबर-जानेवारीत पाल्यावर ढकललेल्या कितीतरी तक्रारी बल्ब बदलल्यावर थांबतात.

पावडर, ताजा पाला, काढा

पावडर फार बारीक दळलेली असेल तर दोन गोष्टी होतात. क्रम्बलमध्ये (दाणेदार खाद्यात) मिसळलेली भुकटी हलली की खाली बसते. पिल्लं वरचे दाणे वेचतात, भुकटी तशीच. फीडर उचलून त्याच्या तळाच्या कडेला बोट फिरवा. हिरवट काळपट, थोडा चिकट थर लागला, नाकाला कोंदट वास आला, तर तुमच्या हगवणीचं कारण तिथे आहे. रोज वरून नवीन खाद्य ओतलं जातं आणि तो थर आठवडाभर ओला होत, बुरशी धरत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे ही भुकटी लाळेने चोचीच्या कडेला चिकटते, कडक होते आणि पिल्लाला टोचणं जड जातं. उपाय साधा आहे. पावडर रव्यासारखी भरड ठेवा, मॅशमध्येच मिसळा, क्रम्बलवर भुरभुरू नका, आणि फीडर रोज एकदा पूर्ण रिकामा होऊ द्या.

ताज्या पाल्यात दोष असतो काड्यांचा. शेवग्याची डहाळी तशीच टाकली की पिल्लं पानांबरोबर देठही गिळतात. लांब तंतू पिशवीत गुंततात आणि पुढे सरकत नाहीत. काही तास खाद्य न दिलेल्या पिल्लाची पिशवी रिकामी असायला हवी. तिथे कडक गोळा लागला तर अडकलं आहे. थोडं कोमट पाणी पाजून हलक्या हाताने चोळल्यावर सुरुवातीचा गोळा सुटतो. पण पिल्लाला उलटं धरून तो तोंडातून काढायच्या भानगडीत पडू नका, पाणी श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू जागीच जातं. पाला खाणाऱ्या प्रत्येक लॉटला ग्रिट हवंच. न विरघळणारी बारीक खडी, धुतलेली, वयाप्रमाणे आकार वाढवत. गिझार्डमध्ये (अन्न दळणाऱ्या पोटात) खडे नसतील तर तंतू दळले जाणार कशाने? शिंपल्याचा चुरा ग्रिट म्हणून चालत नाही. तो विरघळतो आणि लहान पिल्लात कॅल्शियम नाहक वाढवतो.

आणि काढा. तुळस, अडुळसा, गुळवेल, हळद, लसूण उकळून पाण्यात देतात. हेतू चांगला असतो. पण पाणी कडू लागलं की पिल्लं कमी पितात, पाणी कमी की खाद्य कमी. उन्हाळ्यात तर हे अजिबात करू नका. काढ्याचं पाणी दुपारपर्यंत आंबतं, निपल लाइनमध्ये बुळबुळीत थर धरतं आणि तो थर काढा बंद केल्यावरही आतच राहतो. पाला थांबवूनही हगवण थांबत नाही, अशा ठिकाणी लाइन उघडून बघा. द्यायचाच असेल तर वेगळ्या भांड्यात, दोन तास, शेजारी साधं पाणी ठेवून द्या. पाण्यातून लस किंवा औषध द्यायच्या दिवशी काढा नाही, आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

बुरशी: इथे दयामाया नाही

१९६० साली इंग्लंडमध्ये एका लाखाहून जास्त टर्की पिल्लं काही महिन्यांत मेली. कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला आणि त्यातल्या बुरशीच्या विषापर्यंत. आज आपण ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतो ते जगाला कळलं ते टर्कीच्या पिल्लांच्या मरणातून. कोंबडीला ज्या मात्रेत फारसं काही होत नाही, त्या मात्रेत टर्कीचं यकृत खलास होतं, कारण हे विष मोडून टाकण्याची त्याची ताकद फार कमी आहे.

म्हणून पाला वाळवताना आणि साठवताना हयगय नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, घरी वाळवलेला पाला बाहेरून वाळलेला दिसतो, आत दमट असतो. पोत्यात भरला की गरम होतो. मुठीत चुरला तर तो कुरकुरत तुटला पाहिजे. नुसता दबला, वाकला, तर वाळलेला नाही. सावलीत, पातळ पसरून, वारा खेळेल अशा जागी, जाळीवर वाळवा. कडक उन्हात लवकर वाळतो खरा, पण ज्या अ जीवनसत्त्वासाठी पाला द्यायचा तेच जातं. देठ आधीच काढा. दहा किलो ताज्या पाल्याचा सव्वादोन किलोच्या आसपासच कोरडा माल मिळतो. यापेक्षा खूप जास्त भरत असेल तर त्यात पाणी किंवा काड्या आहेत. हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. कोंदट वास आलेला, गाठी झालेला, तपकिरी पडलेला पाला खतात टाका. उन्हात परत वाळवून वापरू नका, बुरशी मरते पण विष जात नाही. शेंगदाणा पेंड आणि मका यांनाही हाच नियम.

अफ्लाटॉक्सिनची खूण म्हणून एकच ठळक लक्षण सांगता येत नाही. खाणं कमी, वाढ खुंटलेली, पंख पडलेले, लस देऊनही रोग येणं. खात्री हवी तर खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

कोणता पाला, थोडक्यात

टर्कीसाठी ताज्या हिरव्या चाऱ्यात लसूणघासाला तोड नाही. कोरडी पावडर करायची तर शेवगा. तुळस, पुदिना, कोथिंबीर थोड्या प्रमाणात निर्धोक. हदगा आणि शेवरी वाढत्या पिल्लांना थोडी. कडुनिंब कडू असल्यामुळे मात्रा जरा वाढली की खाणं तुटतं, लहान पिल्लांना मी तो सुचवत नाही. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं आणि पिल्लाची हाडं याच काळात भरतात. सुबाभळीत मिमोसिन असतं, ती पिल्लांपासून लांब ठेवा. एरंड, कण्हेर, घाणेरी, टॅपिओकाचा कच्चा पाला, ॲव्होकाडोची पानं शेडच्या आसपासही नकोत. लसूणघासाच्या पेंढीत गाजर गवत येतं, ते निवडून काढा.

विकतचा पाला घेत असाल तर फवारणी कधी झाली ते विचारा. शेवग्यावर पानं खाणाऱ्या अळीसाठी फवारणी होते, आणि शेंगांसाठी लावलेल्या बागेतला पाला छाटणीनंतर स्वस्तात मिळतो तो नेमका तसलाच असतो.

अजून एक गोष्ट, जी फार कमी जण लक्षात घेतात. परसात कोंबड्या फिरतात त्या जमिनीवरून उपटलेला पाला मातीसकट टर्कीला घालू नका. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांतून आणि गांडुळांतून हिस्टोमोनास नावाचा परजीवी येतो. मातीत ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात. कोंबडी त्याने सहसा आजारी पडत नाही, टर्की मरते. गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली तर हाच रोग समजून धावपळ करा. मेलेल्या पक्ष्याच्या यकृतावर गोल, मधे खोलगट, चकत्यांसारखे डाग दिसतात. त्यावरची जुनी औषधं बऱ्याच देशांत बंद झाली आहेत, त्यामुळे टाळणं हाच खरा उपचार. टर्की आणि कोंबड्या वेगळ्या, त्यांची भांडी वेगळी, शक्य असेल तर सांभाळणारा माणूसही वेगळा.

पाला नाही, रोग आहे हे कसं ओळखायचं

टर्कीतली कॉक्सिडिओसिस फसवी असते. कोंबडीत रक्ती हगवण दिसते म्हणून आपण रक्त शोधत बसतो. टर्कीत रक्त बहुतेक वेळा दिसतच नाही. पाण्यासारखी, शेंबडासारख्या तारा असलेली किंवा पांढरट विष्ठा, पिसं फुललेली, तहान जास्त, आणि हे सगळं साधारण तीन ते आठ आठवड्यांत. म्हणजे बरोबर पाला सुरू करायच्या वयात! आयोनोफोर नसलेलं खाद्य वापरत असाल तर हा धोका वाढतो, म्हणून पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून टर्कीला चालणारं प्रतिबंधक औषध विचारून घ्या. लिटर कोरडं ठेवणं तुमच्या हातात आहे. पाण्याच्या भांड्याखालचं तूस रोज काढा. फेसाळ, पिवळसर पातळ विष्ठा आणि पिल्लं वेगाने अशक्त होणं हे आणखी एका आतड्याच्या परजीवीचं लक्षण असू शकतं. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं, तेही ताज्या, नुकत्याच मेलेल्या पिल्लात.

तुळशीने, लसणीने, कडुनिंबाने यातलं काहीही बरं होत नाही. मानमोडी आणि देवीची लसही पाला देता म्हणून चुकवायची नाही.

दोन दिवसांत मरतूक नेहमीपेक्षा वाढली तर शवविच्छेदन करून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना जातो, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. मेलेलं पिल्लू बर्फावर न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका. सोबत खाद्य आणि पाला, दोन्हीचे अर्धा-अर्धा किलोचे नमुने कागदी पिशवीत.

पुन्हा सुरू करताना

वरचं सगळं नीट असेल तर पाला जरूर द्या. मी पाल्याच्या विरोधात नाही. चांगला वाळवलेला शेवगा पिल्लांना अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लोह देतो, लसूणघास मिळणाऱ्या पिल्लांत एकमेकांची पिसं उपटण्याची खोड कमी दिसते. फक्त सावकाश सुरू करा.

चार आठवडे पूर्ण होईपर्यंत पावडर नाही. पाचव्या आठवड्यात शंभर किलो खाद्यात अर्धा किलो. आठवडाभर विष्ठा आणि वजन ठीक असेल तर एक किलो. मग पुढच्या आठवड्यात दोन. तीन किलोच्या वर जायची मला गरज वाटत नाही. ब्रॉयलर कोंबड्यांवरच्या प्रयोगांत साधारण ५ टक्क्यांपर्यंत शेवगा निभावतो आणि १० च्या वर वाढ मंदावते, पण टर्कीच्या पिल्लाची भूक आणि गरज वेगळी, तिथे हात आखडता ठेवलेला बरा. ताजा लसूणघास सहाव्या आठवड्यापासून, बोटाच्या पेराएवढा कापून, आणि दुपारी, म्हणजे सकाळचं खाद्य पोटात गेल्यावर. आठ आठवड्यांनंतर पेंढी बांधून पक्ष्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. ती उभ्याने तोडून खातात, तुडवली जात नाही आणि लिटरवर पडून सडत नाही. पक्षी मोठे झाले की हिरव्या चाऱ्याचं प्रमाण भरपूर वाढवता येतं, मोठी टर्की मुळात चरणारा पक्षी आहे.

एका वेळी एकच पाला. तुळस, शेवगा, पुदिना एकदम सुरू केलं आणि बिघडलं तर कोणाला धरणार?

आणि शक्य असेल तर शेडमध्ये मधोमध जाळी लावा. एकाच दिवशी उबलेली पिल्लं दोन भागांत, खाद्य तेच, पाणी तेच, बल्ब तसाच, फक्त एका बाजूला पाला. दर आठवड्याला दोन्हीकडची दहा-दहा पिल्लं तोला आणि किती खाद्य संपलं ते लिहा. तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही वही, खाद्याच्या पोत्यावरचं लेबल आणि विष्ठेचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो सोबत न्या.